फोंड्याच्या घरातल्या सहा फुटी रीफ टाकीची लायटिंग: प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी २०२५ : जागा, मापे आणि टाकीत काय राहणार

फोंड्याजवळचे जुने चिरेबंदी घर. वर मंगळुरी कौले, हॉलला छत नाही, तुळया आणि वासे उघडे. टाकी (खाऱ्या पाण्याची, प्रवाळे आणि मासे ठेवायची) भिंतीला न टेकवता हॉलच्या मधोमध, दोन्ही लांब बाजूंनी दिसेल अशी ठेवायची आहे, लांबी उत्तर-दक्षिण. आतली मापे १८० × ७५ × ६० सेमी, काच १५ मिमी, वरून चारी कडांना १० सेमी रुंद काचेची पट्टी. पाण्याची खोली ५५ सेमी. खडक-वाळूची जागा वजा केली आणि संप (टाकीखालचा गाळणीचा हौद) धरला की पाणी साधारण ७५० लिटर होते.

‘इतक्या मोठ्या टाकीला किती वॅट लागतील?’ हा पहिला प्रश्न घरच्यांनी विचारला, पण हिशेब तिथून सुरू करायचा नसतो. आधी टाकीत कोण राहणार ते ठरवायचे. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये खडक बांधणारी कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल, सी फॅन आणि जायंट क्लॅमच्या जाती आहेत. ग्रांदे बेटाभोवती प्रवाळ दिसते म्हणून तिथून एखादा तुकडा आणणे हा गुन्हा आहे, आणि कुणी ‘समुद्रातूनच आणलाय’ म्हणून विकायला आला तरी उत्तर तेच. म्हणून यादी मऊ प्रवाळांचीच केली, तीही दुसऱ्यांच्या टाक्यांत वाढवलेल्या तुकड्यांची: झोअँथिड, मशरूम, लेदर, सिन्युलेरिया, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप. खडकही कृत्रिम, सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्यापासून केलेला.

या यादीने लाइटचा अर्धा प्रश्न सोडवला. पीएआर म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधल्या प्रकाशाचे कण एका चौरस मीटरवर एका सेकंदात किती पडतात, त्याचा मायक्रोमोलमधला आकडा. डोक्यावर आलेल्या स्वच्छ उन्हात तो २,००० च्या आसपास असतो. मशरूमला ३० ते ८० पुरे. झोअँथिड ६० ते १५० मध्ये छान राहतात, झेनिया आणि स्टार पॉलिप ८० ते १५०, लेदर १०० ते १८०. अॅक्रोपोरासारख्या कठीण प्रवाळांना लागणारे २०० ते ३५० इथे नकोच. ते गृहीत धरून लाइट घेतले तर दुप्पट पैसे घालून ते आयुष्यभर निम्म्यावर चालवायचे आणि एखाद्या दिवशी कंट्रोलर बिघडला की सगळी टाकी भाजायची.

हॉलमध्ये उजेडासाठी एक काचेचे कौल आहे, नेमके टाकीच्या मध्यावर, पाण्यापासून ३ मीटर उंच. आज दुपारी पावणेएकला त्याचा कवडसा टाकीच्या उत्तर टोकापासून बराच पुढे जमिनीवर पडला होता, त्यामुळे घरात कुणाला त्याची काळजी वाटत नाही. पण गोवा साडेपंधरा अक्षांशावर आहे. सूर्य उत्तरेकडे सरकेल तसा कवडसा दक्षिणेकडे सरकणार, मार्चच्या उत्तरार्धात टाकीवर चढणार आणि सप्टेंबरपर्यंत तिथेच राहणार. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा तो टाकीच्या मध्यावर असेल. शाकारणीच्या (पावसाळ्याआधी कौले नीट करण्याच्या) वेळी हे कौल बदलायचे.

१६ फेब्रुवारी २०२५ : किती प्रकाश लागेल, याचा हिशेब

पाण्याचा पृष्ठभाग १.८ × ०.७५ = १.३५ चौरस मीटर. मधल्या खोलीवर सरासरी १५० पीएआर मिळावा असे धरले, तर १.३५ × १५० म्हणजे सुमारे २०० मायक्रोमोल दर सेकंदाला तिथे पोहोचले पाहिजेत. बाहेर सांडणारा, पृष्ठभागावरून परतणारा, काचपट्टीत आणि पाण्यात जिरणारा असा निम्मा प्रकाश वाया जातो असे मानू. मग लाइटमधून ४०० निघायला हवेत. चांगले निळे एलईडी, लेन्स आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) यांतला तोटा धरून, एका वॅटला १.७ मायक्रोमोल देतात. म्हणजे २३५ ते २४० वॅट.

तेवढ्याच वॅटचे लाइट घेऊन ते शंभर टक्क्यांवर चालवायचे नाहीत. ६० टक्क्यांवर हा आकडा मिळाला पाहिजे. एलईडी थंड राहतात, जास्त टिकतात, आणि दोन-तीन वर्षांनी प्रकाश घटला की वर चढायला जागा उरते. म्हणून एकूण क्षमता ४०० वॅट.

या ४०० वॅटचे वाटप कसे करायचे, इथे खरा पेच आहे. १८० सेमी टाकीला साठ-साठ सेमीवर एक असे तीन जोरदार लाइट लावायची पद्धत आहे. ६० सेमी रुंद टाकीला ती चालते. ७५ सेमी रुंदीत प्रत्येक लाइटखाली झगझगीत वर्तुळ पडते आणि दोन्ही काचांलगतचा पट्टा अंधारा राहतो. शिवाय एकाच बिंदूतून प्रकाश आला की लेदरच्या छत्रीखाली ठार सावली पडते आणि तिथे झोअँथिडची वसाहत मरत जाते. भिंतीलगतच्या टाकीत मागची बाजू खडकाने झाकता येते. या टाकीला मागची बाजूच नाही.

ठरवलेली मांडणी: डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारा पडदा) असलेली ८० वॅटची चार पॅनेले मधल्या रेषेवर आणि दोन्ही लांब कडांना १५० सेमीचा ४० वॅटचा एकेक एलईडी बार. ३२० अधिक ८०, बरोबर ४००. बारांचे काम सावल्या भरण्याचे आहे, मुख्य प्रकाश देण्याचे नाही. डिफ्यूझरमुळे तळाची लखलख कमी होते, ही एक तक्रार घरच्यांकडून येईल. पण लेन्सवाल्या लाइटखाली लाल-निळे-हिरवे ठिपके वाळूवर वेगवेगळे नाचतात, तेही डिफ्यूझरने जाते.

२ मार्च २०२५ : मेटल हॅलाइड, टी५ की एलईडी

घरमालकांच्या ओळखीतल्या एका जुन्या शौकिनाने मेटल हॅलाइड दिव्यांचा आग्रह धरला आहे. त्याचा प्रकाश देखणा असतो यात वाद नाही. पण गोव्यात उष्णतेचा हिशेब आधी करावा लागतो.

७५० लिटर खाऱ्या पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवायला सुमारे ३ मेगाज्यूल लागतात. २५० वॅटचे तीन मेटल हॅलाइड बॅलास्टसह ८४० वॅट खातात. ८ तासांत २४ मेगाज्यूल. त्यातला एक तृतीयांश जरी पाण्यात शिरला, आणि हॅलाइडची उष्णता खालीच फेकली जाते, तरी दिवसाला अडीच अंशांहून जास्त वाढ. एलईडी २६० वॅटवर ८ तास चालवले तर साडेसात मेगाज्यूल. त्यांची उष्णता पाठीमागच्या हीटसिंकमधून वर जाते, पाण्यात एक चतुर्थांश धरली तर वाढ ०.६ अंश. एप्रिल-मेत हॉल ३४ अंशांवर जातो आणि टाकी २६ वर ठेवायची आहे. दोन अंशांचा हा फरक चिलरलाच (पाणी थंड करणाऱ्या यंत्राला) काढावा लागतो, आणि त्याचे बिल लाइटच्या बिलाच्या वर पडते.

टी५ म्हणजे बारीक फ्लुरोसंट नळ्यांचा प्रकाश सर्वांत सपाट, सावली जवळजवळ नाही. मऊ प्रवाळांना तो मनापासून मानवतो. पण १४४९ मिमीच्या ८० वॅट नळ्या आठ लागतील, दर ९ ते १२ महिन्यांनी सगळ्या बदलाव्या लागतील, आणि पाऱ्यावरच्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या बैठकीत फ्लुरोसंट नळ्या २०२७ पर्यंत बंद करायचे ठरले आहे. आज बसवून दोन वर्षांनी नळ्या शोधत फिरण्यात अर्थ नाही. टी५ चा सपाटपणा बारांमधून आणायचा, बस.

एलईडी पक्के. पंख्याची मॉडेले मात्र नाकारली. पंखा टाकीवरची खारट हवा ओढून थेट सर्किट बोर्डावर सोडतो. फोंड्याच्या पावसाळी दमट हवेत बेअरिंगवर मीठ बसते, पंखा अडखळतो, तापमान वाढते, मग लाइट आपोआप मंद होतो आणि प्रवाळ का फिके पडले ते कुणाला कळत नाही. जाड हीटसिंकची, बिनपंख्याची, बोर्डावर संरक्षक लेप आणि एलईडीसमोर बंद काच असलेली पॅनेले घ्यायची. ड्रायव्हर वेगळा, आयपी६७ (धूळ-पाणी आत न घेणारा).

चॅनेल (वेगवेगळे कमी-जास्त करता येणारे रंग) पाच हवेत: रॉयल ब्लू ४५० नॅनोमीटर, ब्लू ४७०, व्हायोलेट ४२० च्या आसपास, पांढरा ६५०० केल्विन, आणि लाल-हिरवा. प्रवाळातल्या झूझँथेली शैवालाचे क्लोरोफिल ए आणि सी२ निळ्या पट्ट्यात प्रकाश घेतात, पेरिडिनिन हे रंगद्रव्य निळ्या-हिरव्यापर्यंत साथ देते. लाल प्रकाश समुद्रात पहिल्या काही मीटरांतच संपतो. लाल-हिरव्या चॅनेलचा उपयोग मासे डोळ्यांना नीट दिसावेत एवढाच. ३ ते ५ टक्के पुरे.

१५ मार्च २०२५ : टांगणी

वजन: चार पॅनेले १४ किलो, बार ३ किलो, चौकट ७ किलो. एकूण २४.

भिंतीतून ब्रॅकेट काढायचे नाहीत. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ. एक्स्पान्शन बोल्ट कसला की भोक आतून चुरते, सुरुवातीला घट्ट वाटते आणि पावसाळ्यात ओल धरली की फिरू लागते. अगदीच गरज पडली तर जाळीची नळी घालून केमिकल अँकर. इथे दोन तुळया टाकीच्या वरून जातात, सागवानी आणि धडधाकट. त्यांना भोक न पाडता पट्टीचे क्लॅम्प बसवले आणि २ मिमी स्टीलच्या चार दोऱ्या सोडल्या. प्रत्येक दोरीवर ६ किलो येतात. तिची ताकद त्याच्या दहापटीहून जास्त आहे. दोरीवरच्या ग्रिपरने चौकट वर-खाली होते: चालू असताना पाण्यापासून ३० सेमी, टाकीत हात घालायचा तेव्हा ७० सेमी.

घरच्यांनी वेळीच सांगितले म्हणून बरे: चवथीला (गणेश चतुर्थीला) याच तुळयांवरून माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधतात. देवाची जागा हॉलच्या पूर्वेला, म्हणून आपले क्लॅम्प पश्चिमेकडे सरकवून माटोळीच्या दोऱ्यांसाठी जागा मोकळी ठेवली.

चौकट ४० × ४० अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियम प्रोफाइलची, २०० × ६० सेमी. कापलेली टोके उघडी राहिली तर तिथून पांढरी पूड धरते. टोकांना इपॉक्सी लावून प्लास्टिकच्या टोप्या बसवल्या. सगळे नट-बोल्ट एसएस ३१६. हार्डवेअरच्या दुकानात मागाल तर ३०४ मिळते, त्यावर या हवेत काही महिन्यांत तपकिरी डाग येतात. गॅल्व्हनाइज्ड हुक आणि पितळी टर्नबकल टाकीच्या वर कुठेही नकोत: जस्त आणि तांबे थेंबाथेंबाने पाण्यात उतरते, आणि कणाहीन जीव ते सोसत नाहीत.

टाकी दोन्ही बाजूंनी पाहायची असल्याने कोचावर बसलेल्याच्या डोळ्यांत बार चमकणार होते. चौकटीभोवती ८ सेमी उंचीची काळी पट्टी लावली आणि बार आत १० अंश झुकवले.

२९ मार्च २०२५ : वायरिंग

टाकीसाठी बोर्डावरून स्वतंत्र लाइन. तिच्यावर दोन आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारे स्विच), दोन्ही ३० मिलीअँपिअर: एकावर लाइट आणि चिलर, दुसऱ्यावर रिटर्न पंप (संपातून पाणी वर आणणारा), वेव्हमेकर (पाणी हलवणारा), स्किमर (हवेच्या बुडबुड्यांनी घाण काढणारा). जुलैतल्या दमट रात्री एखाद्या ड्रायव्हरमधून किरकोळ गळती होऊन आरसीसीबी पडतो. सगळे एकाच आरसीसीबीवर असेल तर पंपही बंद, आणि सकाळी मासे मेलेले.

वादळात हलून सरकणारी वरची तार आणि तुटलेला न्यूट्रल, या दोन्हींची भीती इकडे खरी आहे. न्यूट्रल तुटला की सिंगल फेजवर २३० च्या जागी ३५०-४०० व्होल्टही येऊ शकतात. त्यासाठी ओव्हर-व्होल्टेज रिले (२७० ला तोडणारा, तीन मिनिटांनी परत जोडणारा) आणि टाइप २ सर्ज प्रोटेक्टर. स्टॅबिलायझर घातला नाही. ड्रायव्हर १०० ते २७७ व्होल्टपर्यंत चालतात, साध्या चढउताराची त्यांना फिकीर नाही.

अर्थिंगचा खड्डा विहिरीजवळ घेतला. जांभ्याची जमीन मार्च ते मे कोरडी ठणठणीत होते आणि अर्थचा रोध वाढतो, म्हणून तो याच दिवसांत मोजायचा. खड्ड्यात पाणी ओतायची नळी ठेवली आहे, उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली.

ड्रायव्हर टाकीखालच्या कपाटात ठेवायची सवय अनेकांना असते. संप तिथेच असतो, तिथली हवा सर्वांत खारी. इथे ते पश्चिमेच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, दोन्हीकडून झडप असलेल्या पेटीत बसवले. प्रत्येक केबल पेटीत शिरण्याआधी खाली झोल देऊन वर वळवली, म्हणजे कौलातून गळलेले पाणी झोलावरून टपकेल, आत जाणार नाही.

लाइट इन्व्हर्टरवर जोडले नाहीत. लाइट गेली की प्रवाळाला प्रकाशाची घाई नसते. दोन-तीन दिवस अंधार मऊ प्रवाळ सहज काढतात. ऑक्सिजन आणि तापमान मात्र थांबत नाही. बॅटरी सगळी वेव्हमेकरला.

शेवटी मेन स्विच बंद करून दहा सेकंदांनी चालू केला. दोन पॅनेले बरोबर वेळापत्रकावर परत आली, दोन थेट शंभर टक्क्यांवर गेली. फर्मवेअर बदलल्यावर चारही ठीक. ही चाचणी रिकाम्या टाकीवरच करून घ्यावी. गावात रात्री लाइट येते-जाते, आणि अंधारातून एकदम पूर्ण उजेड हा प्रवाळाला मोठा धक्का असतो.

१२ एप्रिल २०२५ : पाण्यातली मोजणी

टाकी भरून खडक अजून न रचता मोजणी केली. मीटर एपोजी एमक्यू-५१०: पाण्याखालच्या वापराची दुरुस्ती त्यात आधीच धरलेली असते आणि निळ्या एलईडीला तो न्याय देतो. मोबाइलवरचे लक्स अॅप इथे कुचकामाचे. लक्स हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे, ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला ते पूर्ण गुण देते आणि ४५० च्या निळ्याला शंभरात चारही नाहीत. निळी टाकी अॅपवर अंधारी दिसते, माणूस लाइट वाढवत जातो.

सेन्सर पीव्हीसी काठीला चिकटवला, काठीला लेव्हल बांधली. सेन्सर पाच-दहा अंश कलला तरी आकडा हलतो. लांबीत सहा, रुंदीत तीन अशा १८ जागा. खोली १०, ३० आणि ५० सेमी. वेव्हमेकर बंद. लाटा असताना पृष्ठभाग भिंगासारखा प्रकाश गोळा करतो आणि आकडे क्षणाक्षणाला उड्या मारतात.

आधी नुसती चार पॅनेले, ३० सेमी खोलीवर: मध्यभागी १५८, कोपऱ्यात ५८. तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास. मग बार चालू केले, टोकाची दोन पॅनेले १० टक्क्यांनी वाढवली आणि बाहेर सरकवली (केंद्रे उत्तर टोकापासून २०, ६६, ११४ आणि १६० सेमीवर). मास्टर (सगळ्या लाइटची एकत्रित पातळी) ६० टक्के:

पूर्व ओळ : ९६, ११८, १३१, १२९, ११६, ९४
मधली ओळ : १२१, १४९, १६३, १६१, १४७, ११९
पश्चिम ओळ : ९८, १२०, १३४, १३२, ११९, ९५

सरासरी १२५, किमान ९४, कमाल १६३. हिशेबात धरलेल्या १५० पेक्षा कमी, पण यादीतल्या जिवांना पुरेसा. वाढवण्याची गरज नाही. सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात आणि सर्वांत उजेडाच्या जागी किती, हे दोन आकडे एकमेकांच्या दुपटीच्या आत आले म्हणजे या खोलीवर प्रकाश सारखा पसरला. या खोलीवर बहुतेक तुकडे कुठेही जगतील; खडक रचल्यावर पडणाऱ्या सावल्यांचा आणि वरच्या जास्त उजेडाचा प्रश्न मात्र वेगळा.

मध्यावर १० सेमी खोलीला २३०, ५० सेमीला ११८. स्वच्छ पाणी अर्ध्या मीटरात फारसे शोषत नाही. ही घट प्रकाश पसरल्यामुळे होते. वरच्या काचपट्टीखाली आकडा ८-९ टक्क्यांनी उतरतो, काचेच्या दोन पृष्ठांवरून परतणारा प्रकाश तेवढाच असतो. मात्र पट्टीवर मिठाची साय धरली की तिथे घट दुप्पट होते.

क्लॅम्प मीटरवर एकूण वापर २४५ वॅट.

२७ एप्रिल २०२५ : शाकारणी आणि कवडसा

दुपारी साडेबाराला कवडसा टाकीवर होता, पृष्ठभागावर मीटरला १,१५० दिसले. धुळकट जुन्या काचेतूनही एवढे. तीन मीटर उंचीवरून कवडसा तासाला ८० सेमी सरकतो. पश्चिमेच्या काचेपासून पूर्वेच्या काचेपर्यंत जायला त्याला जवळजवळ तास लागतो, आणि वाटेत येईल त्या प्रवाळावर तो पाव-अर्धा तास थांबतो. १२० ला सवयलेल्या झोअँथिडवर रोज दहापट मारा झाला तर ते आठवड्यात पांढरे पडले असते.

शाकारणीची माणसे वर होतीच. काचेचे कौल काढून तिथे मातीचे घातले, काचेचे उत्तरेला, जेवणघराच्या बाजूला बसवले. शाकारणीत कौलांवरची माती, वाळलेले शेवाळ, उंदरांनी ओढलेला कचरा सगळे खाली पडते. टाकीवर आणि लाइटवर दोन पदरी प्लास्टिक बांधून वर जुनी चादर टाकली होती. हीटसिंकच्या पात्यांत माती बसली तर थंडावा कमी होतो, म्हणून नंतर ब्रशने पात्या साफ केल्या.

१ जून २०२५ : पंखवाले किडे

यंदा पाऊस मे संपायच्या आतच लागला. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे दिव्यावर येतात हे इकडे सगळ्यांना ठाऊक. निळा-जांभळा उजेड त्यांना जास्तच ओढतो. मूठभर किडे पाण्यात पडले तर माशांना मेजवानी, पण शेकडो पडून सडले तर नव्या टाकीचे अमोनिया वर जाते. काचपट्टीच्या आत बसेल अशी ६ मिमी पारदर्शक जाळी अॅल्युमिनियमच्या चौकटीत ताणून बसवली. मासे उडी मारून बाहेर पडणेही तिने थांबते. जाळीमुळे पीएआर ७ टक्क्यांनी घटला. मास्टर ६० वरून ६४. पहिल्या पावसाच्या आठवड्यात संध्याकाळी सातला लाइट तासभर १० टक्क्यांवर आणायचा, थवा ओसरला की परत.

पॅनेलांच्या केबल-छिद्रांत मुंग्या अंडी घालतात. ग्लँड (केबल घट्ट धरणारी तोंडे) नीट कसून वर सिलिकॉनचा थर दिला.

१४ जून २०२५ : पहिले तुकडे, वेळापत्रक

अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५. झोअँथिड, मशरूम आणि स्टार पॉलिपचे तुकडे आले.

घरच्यांना टाकी संध्याकाळी पाहायची असते. म्हणून दिवस पुढे ढकलला: दुपारी १ ते ३ चढ, ३ ते ९ पूर्ण, ९ ते ११ उतार. चढ आणि उतार या दोन टप्प्यांना निम्मे धरले तर पूर्ण तीव्रतेचे ८ तास. १२५ × ३,६०० × ८ म्हणजे दिवसाला चौरस मीटरवर ३.६ मोल. मऊ प्रवाळांना एवढे पुष्कळ. या वेळापत्रकाचा आणखी एक फायदा: बारा ते तीन या सर्वांत तापलेल्या वेळात लाइट बंद किंवा मंद, चिलरला तेवढाच दम.

मास्टर ३५ पासून सुरुवात, दर आठवड्याला ५ ने वाढ, ६४ ला थांबायचे. तुकडे कोणत्या उजेडातून आले ते देणाऱ्याला विचारावे, त्याच्या शब्दावर मात्र विसंबू नये. कमी प्रकाशाने प्रवाळ हळूहळू ताणला जातो आणि सुधारता येतो, जास्त प्रकाशाने काही दिवसांत झूझँथेली टाकून देतो.

पॅलिथोआ (झोअँथिडांपैकीच एक) हाताळताना हातमोजे आणि चष्मा. त्यातले पॅलिटॉक्सिन जखमेतून किंवा वाफेतून घातक ठरते. खडक उकळून धुणे तर कधीच नको.

६ जुलै २०२५ : प्रवाळ काय सांगतात

मास्टर ५०. दक्षिण टोकाच्या खडकाच्या कपारीतले झोअँथिड देठ लांब करून उजेडाकडे मान काढत आहेत. सेन्सर आत घातला तर ३८. खडकाने बारचा प्रकाश अडवला आहे. मास्टर वाढवून हे सुटत नाही, बाकीची टाकी उगाच तापते. तुकडा १५ सेमी बाहेर काढला, तिथे ८५. त्या कपारीत मशरूम ठेवले.

मधल्या उंच खडकावरचे दोन मशरूम आक्रसले आणि कडेने फिके झाले. तिथे १४०. खाली, वाळूजवळ ६० ला नेले.

लेदर दोन दिवस मिटून बसले, वर मेणासारखा थर. त्याचा प्रकाशाशी संबंध नाही. ते कात टाकते. त्या वेळी लाइटशी छेडछाड करू नये, वेव्हमेकरचा झोत थोडा त्याच्याकडे वळवावा.

पाणी पिवळसर दिसते म्हणून अॅक्टिव्हेटेड कार्बन घालायचा आहे. पिवळे पाणी नेमका निळा प्रकाश खाते. कार्बनने ते एका दिवसात स्वच्छ झाले की तळाचा पीएआर कुणी काही न करता वाढतो, आणि ‘लाइट तर तोच आहे’ म्हणत प्रवाळ फिके पडतात. म्हणून नेहमीची मात्रा चार आठवड्यांत विभागून, दर आठवड्याला एक चतुर्थांश; त्या काळात मास्टरची साप्ताहिक वाढ थांबवली.

२४ ऑगस्ट २०२५ : चवथीआधी

बुधवारी, २७ ला चवथ. घरात पंचवीस-तीस माणसे, दिव्यांच्या माळा, सगळ्या गावाचा भार एका ट्रान्सफॉर्मरवर. संध्याकाळी व्होल्टेज १८५ पर्यंत उतरलेले मोजले. ड्रायव्हरना चालते, चिलरच्या कॉम्प्रेसरला नाही. चिलरला २०० च्या खाली तोडणारा रिले लावला. पाच दिवस मास्टर ५० वर ठेवायचा, म्हणजे हॉलमधल्या गर्दीची उष्णता आणि चिलरची अडचण एकदम अंगावर येणार नाही. धूप-अगरबत्तीचा धूर स्किमर हवेबरोबर ओढतो. त्याची हवेची नळी खिडकीबाहेर काढली.

माटोळीला बांधलेली फळे, पाने टाकीपासून दीड मीटरवर आहेत. ठीक.

२८ सप्टेंबर २०२५ : पावसाळ्यानंतरची मोजणी

मास्टर ६४, तीच १८ ठिकाणे, ३० सेमी खोली. आधी काच न पुसता: सरासरी १११. पॅनेलांच्या काचेवर आणि जाळीवर मिठाची पातळ साय होती. आरओच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसल्यावर १२४. हा फरक ११-१२ टक्क्यांचा. महिनोन्महिने साठवून एकदम पुसले की प्रवाळाला तेवढा झटका बसतो; यापुढे दर पंधरवड्याला पुसायचे, ग्लास क्लीनर न वापरता.

पश्चिम बारचा एक एसएस बोल्ट डागाळला आहे, चुंबक त्याला चिकटतो. नव्याने लावलेला हा एक ३०४ निघाला, बदलला. ड्रायव्हरची पेटी उघडली, आतली सिलिका जेलची पुडी गुलाबी झाली होती, बदलली. ग्लँड कोरडे.

उत्तर टोकाच्या लेदरची छत्री १८ सेमी झाली आहे आणि तिच्याखाली स्टार पॉलिपला आता ५५ मिळतात. बार नसते तर २० च्या आत गेले असते. छत्री आणखी ४-५ सेमी वाढली की तिची कड धारदार कात्रीने कापून तुकडे नव्या खडकावर बांधायचे. कापल्या दिवशी ताजा कार्बन आणि जोरदार स्किमर, कारण लेदर जखमेतून विषारी रस सोडते. पूर्व बार ६० वरून ६५.